गुरुजींच्या पगाराची वर्गणी

भुसावळहून नागपूरच्या दिशेने महामार्गाला लागलं की वरणगावच्या अलीकडे दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. औष्णिक वीज केंद्र आणि त्याला लागून कर्मचाऱ्यांची वसाहत. इथली बरीच कुटुंबं बदलीच्या नोकरीतली. कुणी चंद्रपूरहून आलेलं, कुणी परळीहून, कुणी कोराडीहून. मुलांच्या संध्याकाळी ठरलेल्या असतात: शिकवणी, मैदान आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस गाण्याचा, तबल्याचा नाहीतर कथकचा क्लास. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा वर्षातल्या दोन सत्रांत यातली काही मुलं परीक्षेला बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा असं करत एखादी चिकाटीची मुलगी विशारदपर्यंत पोचते. परीक्षेच्या अर्जावर नाव असतं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं. आईवडील शुल्क भरतात, पावती घेतात आणि विसरून जातात.

त्या पावतीमागे एक मोठी आर्थिक पडझड आहे. ती १९२४ साली मुंबईत झाली. संगीताची शाळा कशावर चालते, पैसे कुणाकडे मागायचे, कशासाठी मागायचे आणि देणाऱ्याशी नातं कसं ठेवायचं, हे प्रश्न त्या पडझडीने आपल्यासमोर ठेवले. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या संगीतवर्गांना आजही तेच प्रश्न पडतात. आपण घराण्यांबद्दल भरभरून लिहितो, बंदिशींबद्दल लिहितो. पण वर्गातल्या तबलजीचं मानधन कुठून आलं, याबद्दल आपल्या संगीतलेखनात फार थोडं सापडतं. मला ही उणीव फार जाणवते.

ज्यांच्या शाळेची ही पडझड झाली, त्या विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शिक्षण थांबलं आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ते राहिले. मिरज संस्थानिकांचा आश्रय होता, खाण्यापिण्याची ददात नव्हती. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो: एका समारंभाचं आमंत्रण संस्थानिकांच्या मर्जीतल्या या शिष्याला मिळालं, त्याच्या गुरूला मात्र मिळालं नाही. दरबारात गवयाची जागा कोणती आहे, ते तिथे त्यांना कळलं. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. पुढच्या भटकंतीत त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या काळी ही मोठी गोष्ट होती. गाणं ऐकायला रुपया मोजणारा अनोळखी माणूस समोर बसला आणि गवयाचं पोट एका धन्याच्या मर्जीवरून शंभर श्रोत्यांच्या खिशांवर आलं.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. महाराष्ट्रातला गवई पंजाबात शाळा काढतो, तीही कुठल्याही संस्थानाची नसलेली! बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची संगीतशाळा १८८६ पासून चालू होती, पण तिच्या मागे राज्याची तिजोरी होती. लाहोरच्या शाळेमागे पलुसकरांचा गळा आणि लोकांची देणगी एवढंच होतं.

शाळा चालवायला त्यांनी पैशाचे जे मार्ग काढले ते आजच्या निधी उभारणाऱ्यालाही शिकवून जातील. विद्यार्थ्यांची फी होतीच. मैफलींचं उत्पन्न ते शाळेत घालत. स्वरलिपी तयार करून ‘संगीत बालबोध’, ‘संगीत बालप्रकाश’ अशी क्रमिक पुस्तकं त्यांनी छापली आणि विकली, त्यासाठी स्वतःचा छापखाना ठेवला. वाद्यं तयार करण्याची आणि दुरुस्तीचीही सोय केली. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिक चालवलं, म्हणजे दूर राहणाऱ्या हितचिंतकाच्या घरी शाळेची खबर नियमाने पोचू लागली. समारंभ करायचे, प्रतिष्ठित माणसाला अध्यक्ष म्हणून बोलवायचं आणि विद्यार्थ्यांना त्याच्यासमोर गायला बसवायचं. देणगीदाराला आपला पैसा कुठे गेला हे कानांनी ऐकवण्याची ही रीत होती. याहून चांगला अहवाल संगीतशाळेला देता येत नाही असं माझं मत आहे.

सगळ्यात धाडसाची गोष्ट होती उपदेशक वर्ग. निवडक मुलांना शाळेतच ठेवायचं, जेवणखाण, कपडालत्ता, शिक्षण सगळं मोफत आणि त्या बदल्यात मुलाने वर्षानुवर्षं शिकून पुढे संगीताच्या प्रचाराचं काम करायचं, असा करार. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावं त्याच शाळेच्या मांडवाखालची. पण आकड्यांच्या बाजूने पाहिलं तर हा वर्ग म्हणजे नुसता खर्च होता. रोज दोन वेळची पंगत, कंदिलाचं तेल, तंबोऱ्याच्या तारा, आजारपणं. यातल्या कशालाही देणगीदाराचं नाव देता येत नाही. वरणाच्या पातेल्यावर कोनशिला कशी बसवणार?

१९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली आणि शाळेचा मुख्य कारभार हळूहळू तिकडे आला. गिरगावात सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली. त्यासाठी देणग्या घेतल्या, त्या पुरेनात म्हणून कर्ज घेतलं. हप्ते फेडायला पंडितजी दौरे काढायचे, जलसे करायचे. म्हणजे इमारतीचं व्याज एका माणसाच्या गळ्यावर आणि तब्येतीवर उभं होतं. पुढे त्यांचं मन रामभक्तीत अधिकाधिक रमू लागलं, नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला, आणि ज्या मैफलींतून हप्ते निघत त्या मागे पडल्या. १९२४ साली कर्ज देणाऱ्यांनी इमारतीचा लिलाव केला. देशभर शिष्य पाठवणाऱ्या शाळेला स्वतःचं छप्पर राहिलं नाही. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत पंडितजी गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता.

पंडितजींना पैसा मागता येत होता, हे नक्की. संस्थानिकांपासून कापडबाजारातल्या शेठजींपर्यंत सगळ्यांची दारं त्यांनी ठोठावली होती. चूक झाली ती कशासाठी मागायचं यात, असं मला या इतिहासावरून वाटतं. लोक इमारतीला देतात म्हणून इमारत मागितली गेली आणि इमारत उभी राहिल्यावर ती रोज खायला मागू लागली. रोजच्या खर्चासाठी कायमचा निधी कधी साठलाच नाही.

त्याच १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये काय घडत होतं ते शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. ऑगस्टस जुलियार्ड नावाचा कापडाचा मोठा व्यापारी १९१९ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने आपली अफाट संपत्ती संगीताच्या प्रसारासाठी ठेवली होती. त्या निधीतून १९२४ मध्ये जुलियार्ड ग्रॅज्युएट स्कूल निघालं. होतकरू विद्यार्थ्यांना तिथे शिष्यवृत्तीवर शिकता येई. आज जगातल्या अव्वल संगीतविद्यालयांत त्याचं नाव आहे. मुद्दल कायम ठेवायचं आणि त्याच्या उत्पन्नावर शिक्षक पोसायचे हा त्यामागचा हिशेब. मुंबईतही कापडाचे व्यापारी होते, दानत होती, त्यांनी धर्मशाळा बांधल्या, रुग्णालयं बांधली. संगीतशिक्षकाच्या पगारासाठी मुद्दल ठेवावं, असं त्यांच्यापैकी कुणाच्या गळी कुणी उतरवल्याचं दिसत नाही.

पलुसकरांच्या समकालीन भातखंड्यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मदतीने माधवराव शिंद्यांनी १९१८ मध्ये ग्वाल्हेरला संगीत महाविद्यालय काढलं. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघालं, तेव्हा राय उमानाथ बली आणि शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली पाठीशी होते आणि नाव दिलं गेलं गव्हर्नरचं. राज्याच्या किंवा सरकारच्या खर्चाने शिक्षक पगारी झाला. लखनौची ती संस्था आज विद्यापीठ आहे. दोन्ही वाटांची तुलना करताना आपण पलुसकरांच्या त्यागाने भारावतो आणि ते योग्यच आहे. पण वर्ग शंभर वर्षं टिकण्याच्या दृष्टीने भातखंड्यांचं व्यवहारज्ञान कमी मोलाचं नव्हतं.

पलुसकरांच्या शिष्यांनी मात्र गुरूच्या पडझडीतून एक शहाणपण काढलं. १९३१ सालीच ते एकत्र आले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. शाळा प्रत्येकाने आपापल्या गावात चालवायची, अभ्यासक्रम आणि परीक्षा मंडळाची. हजारो मुलांच्या छोट्या छोट्या शुल्कावर मंडळ उभं राहिलं. एका शेठजीने हात आखडता घेतला म्हणून ते कोसळणार नव्हतं, एका गवयाचा आवाज बसला म्हणूनही नाही. दीपनगरची मुलगी भरते ते परीक्षा शुल्क याच हिशेबातलं आहे.

या तोडग्याला एक मर्यादा आहे. परीक्षा शुल्काने परीक्षा चालते, वर्ग चालत नाही. वर्ग चालतो गुरुजींच्या फीवर. गाव लहान, फी लहान. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून नववीपर्यंत वर्ग भरलेला असतो. दहावीचा निकाल लागला की बरीच मुलं गळतात आणि ज्या वयात गळा तयार व्हायला लागतो नेमक्या त्या वयात क्लास रिकामा होतो. विशारदच्या वर्गात दोन-तीन मुलं उरतात, त्यांना शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि त्यांच्या फीत गुरुजींचा घरखर्च निघत नाही. देणगीची खरी गरज इथे आहे.

खानदेशात दानत कमी आहे असं कुणी म्हणू नये. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला, जिथून दमडीचा परतावा नाही तिथे, बोरीकाठच्या एका गिरणीमालकाने पैसा घातला आणि देशभरचे अभ्यासक अमळनेरला आले. जळगावच्या कॉलेजला मूळजी जेठा हे दात्याचं नाव आहे. बाजारपेठांत व्यवहारावर धर्मादाय कापण्याची जुनी रीत होती. यात्रेसाठी वर्गणी काढून तमाशाला सुपारी देणं आणि फडाला मानाने आणणं हे खेड्यापाड्यांना शिकवावं लागत नाही.

गाण्याचंही इथे वेड आहे. नारायण राजहंसांना, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांना, लहान वयात जळगावात मेहबूबखाँकडे तालीम मिळाली. ही ओळख धरून जळगावात स्व. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरवतं. थंडीच्या दिवसांत तीन रात्री खानदेशातला रसिक तिथे जमतो. असा महोत्सव वर्षानुवर्षं चालवणं, प्रायोजक टिकवणं हे कष्टाचं आणि मोलाचं काम आहे. ज्यांनी ते केलं त्यांच्यामुळे इथल्या मुलांनी मोठे कलावंत समोर बसून ऐकले.

बालगंधर्वांच्याच आयुष्यातली एक तारीख इथे आठवते. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळींनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलं. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. एका रात्रीत त्या काळच्या मानाने प्रचंड रक्कम उभी राहिली. दुसऱ्याच्या कार्यासाठी कलावंत क्षणात उभा राहतो, प्रेक्षकही खिसा रिकामा करतो. पण याच गंधर्व मंडळीला स्वतःच्या कर्जाशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आपल्या कलासंस्थांचं हे जुनं दुखणं आहे. पूरग्रस्तांसाठी, देवळासाठी, शाळेच्या खोलीसाठी कार्यक्रम करतील, पण आपल्याच वर्गासाठी मागताना त्यांची जीभ अडते.

मोठ्या शहरातल्या संस्था निधी मागण्याच्या कामाला स्वतंत्र माणूस नेमतात. आपल्याकडे ते काम संस्थेचे सचिव, गुरुजींची पत्नी किंवा एखादे निवृत्त बँक अधिकारी करतात. त्यांना काय काय माहीत असावं लागतं ते पाहिलं की या कामाबद्दल आदर वाटतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी. ८०-जीचं प्रमाणपत्र हवं, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळते, तीही २,००० रुपयांवर रोख दिली तर मिळत नाही. वर्ष संपल्यावर ३१ मेच्या आत देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं, त्यातूनच दात्याचं प्रमाणपत्र निघतं. ते वेळेवर हातात पडलं नाही तर पुढच्या वर्षी तो माणूस दारात उभा करत नाही.

त्यातही आता एक बदल झालाय, ज्याची दखल लहान संस्थांनी अजून पुरती घेतलेली नाही. नव्या करपद्धतीत ८०-जीची वजावटच नाही आणि पगारदारांचा मोठा वर्ग तिकडे वळलाय. दीपनगरच्या अभियंत्याला किंवा भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्याला करसवलतीचं आमिष दाखवून मागण्यात आता अर्थ नाही. त्याची मुलगी काय शिकली हे दाखवूनच मागावं लागेल. मला हा बदल चांगला वाटतो.

दुसरा गोंधळ सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा. ज्याला त्याला वाटतं की कंपन्यांकडे सीएसआरचा पैसा पडून आहे. कायदा असा आहे: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक पायरी गाठणाऱ्या कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कला आणि संस्कृतीचं जतन त्या यादीत आहे आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. पण जळगावची बहुतेक डाळमिल, चटईचा कारखाना, सराफी पेढी या मापात बसत नाही. जी कंपनी बसते तिला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असलेली नोंदणीकृत संस्था लागते. शिवाय कमानीवर नाव झळकवून मालाची जाहिरात करण्यासाठी दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरता येत नाही. तो जाहिरातीच्या खात्यातून येतो. महोत्सवाचा प्रायोजक आणि वर्गाचा दाता हे एकाच कंपनीचे दोन वेगळे खिसे आहेत आणि दोन वेगळी माणसं ते सांभाळतात. जाहिरात पाहणाऱ्या माणसासमोर गुरुजींच्या पगाराचा विषय काढला तर तो सभ्यपणे चहा पाजून वाटेला लावतो, आणि यात त्याचा दोष नाही.

राहतो तो व्यक्ती म्हणून देणारा माणूस: व्यापारी, डॉक्टर, केळीचा बागायतदार, निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे जाण्याची वेळ असते. कापूस घरात असताना शेतकऱ्याकडे मागू नये, विकला गेल्यावर मागावं. व्यापाऱ्याकडे मार्चअखेर जाण्यापेक्षा दिवाळीच्या आधी जावं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येतात, त्यांच्यातल्या कित्येक जणी कधीकाळी याच क्लासला होत्या, हे कुणी लक्षात घेत नाही. आणि पहिल्या भेटीत मागूच नये. आधी गाणं ऐकायला बोलवावं. महोत्सवातला मोठा गवई नको, वर्गातलीच चौदा वर्षांची मुलगी यमन गाताना ऐकवावी. ‘शेठ, हिला अजून पाच वर्षं शिकवायची आहे, त्याला इतका खर्च येतो,’ एवढं सांगावं. शेठ म्हणतात, ‘दिवाळीनंतर या.’ दिवाळीनंतर जावं.

या नात्याचा अवघड भाग दान मिळाल्यावर सुरू होतो. दात्याचा नातू स्नेहसंमेलनात पहिला गायला बसावा, दात्याच्या सुनेला परीक्षक म्हणून बोलवावं, अशा मागण्या येतात. कधी उघड, कधी सूचक. इथे गुरुजींनी नमतं घेतलं की वर्गातल्या बाकीच्या पालकांना ते त्याच दिवशी कळतं आणि मग शंभर रुपये देणारा माणूस देणं थांबवतो. नाही म्हणण्याचं काम गुरुजींवर टाकू नये. ते सचिवाने करावं, नम्रपणे, आणि आधीच ठरवून छापलेल्या नियमाचा आधार घेऊन. पलुसकरांनी दरबार सोडला तो गवयाच्या मानासाठी. देणगीदाराची बैठक नवा दरबार होऊ नये याची काळजी निधी मागणाऱ्यानेच घ्यायची असते.

आता हिशेब. गुरुजींना महिन्याला निदान १५,००० रुपये खात्रीने मिळावेत असं धरू, फीचं उत्पन्न वेगळं. वर्षाचे १,८०,००० झाले. बँकेत ६ टक्के व्याज धरलं तर यासाठी ३० लाखांची कायम ठेव लागते. जळगावच्या भाषेत एका बऱ्यापैकी फ्लॅटची किंमत. या रकमेत इमारत उभी राहत नाही, पण एक शिक्षक कायमचा उभा राहतो. ‘कायम निधीसाठी’ असं दात्याने लेखी दिलं की मुद्दलाला हात लावायचा नाही आणि पैसा कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच गुंतवायचा. ठेवीला आजोबांचं नाव द्यावं, दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी विशारदच्या मुलांचं गाणं ठेवावं. पाटी हवी असते त्याला पाटीही मिळते.

३० लाख एका हाताने मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर दुसरा रस्ता आहे, पलुसकरांच्या शिष्यांनी दाखवलेला: अनेकांकडून थोडं थोडं. महिन्याला १०० रुपये देणारी दीडशे माणसं मिळाली की गुरुजींचे १५,००० होतात. ही माणसं कुठे आहेत? बदलीच्या नोकरीने क्लासचे जुने विद्यार्थी आणि पालक नाशिक, कोराडी, पुणे, मुंबई, कुठे कुठे पांगलेत. त्यांची मुलं आता कमावती आहेत. गुरुजींच्या जुन्या हजेरीवह्यांत त्यांची नावं आहेत, काही ठिकाणी वडिलांच्या क्वार्टरचा नंबरही आहे. त्या वह्यांवरून यादी करणं, फोन नंबर शोधणं, वर्षातून दोनदा वर्गातल्या मुलांचं ध्वनिमुद्रण आणि पानभर जमाखर्च पाठवणं, हे काम एका चिकाटीच्या माणसाला एका उन्हाळ्यात सुरू करता येईल.

पहिल्या वर्षी दीडशे मिळणार नाहीत, चाळीस मिळतील. चाळीस जणांचे महिन्याला ४,००० होतात. त्यात मोठ्या वर्गासाठी आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या तबलजीचं मानधन निघतं, आणि विशारदच्या तीन मुलांना ठेक्याच्या यंत्राऐवजी माणसाच्या साथीवर रियाज करता येतो. चाळीस जणांना पाठवायचं पहिलं ध्वनिमुद्रण त्याच रियाजाचं असावं.